फुकटची टिप आणि महागडा धडा



वार्षिक परीक्षा जवळ आली की वर्गात 'गेस पेपर' फिरू लागतो. तो कुणी काढला, कशाच्या आधारावर काढला, हे कुणी विचारत नाही. 'सगळ्यांकडे आहे' एवढे कारण पुरते. मोबाईलवर येणारी शेअरची टिप अशीच असते. फरक एकच, पण मोठा. गेस पेपर काढणाऱ्याला तुमच्या नापास होण्यातून काही मिळत नाही. टिप पसरवणाऱ्याला मात्र तुमच्या नुकसानीतूनच कमाई होऊ शकते.

साधना ब्रॉडकास्ट या कंपनीचे उदाहरण घ्या. जुलै २०२२ मध्ये यूट्यूबवर तिच्याविषयी काही व्हिडिओ झळकले. ही कंपनी अदानी समूह विकत घेणार आहे, एका बड्या अमेरिकन कंपनीने भक्तिपर चित्रपटांसाठी तिच्याशी १,१०० कोटी रुपयांचा करार केला आहे, अशा 'आतल्या बातम्या' त्यांत होत्या. त्या खोट्या होत्या. पण पैसे मोजून जाहिरातीसारखे ते व्हिडिओ घरोघरी पोचवले गेले. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या 'सेबी' या संस्थेने मार्च २०२३ मध्ये अंतरिम आदेश काढला. कंपनीच्या छोट्या भागधारकांची संख्या त्या काळात २,१६७ वरून ५५,३४३ वर गेल्याचे त्यात नमूद आहे. सामान्य माणसे वाढत्या भावाने शेअर घेत होती, तेव्हा काही प्रवर्तक आणि आधीपासूनचे मोठे भागधारक आपले शेअर त्यांच्या गळ्यात मारून मोकळे होत होते. मे २०२५ च्या अंतिम आदेशात सेबीने संबंधितांना ५८ कोटींहून अधिक रक्कम परत करायला सांगितले आणि ५९ जणांना एक ते पाच वर्षे बाजारबंदी केली. व्हिडिओ आले त्याला तोवर जवळजवळ तीन वर्षे उलटली होती.

यातला एक प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. सल्ला खरोखर इतका मोलाचा होता, तर तो फुकट वाटण्यासाठी कुणी पदरचे पैसे का खर्च करील? उत्तर उघड आहे. त्यांना विकायचे होते आणि विकायला गिऱ्हाईक हवे होते. ते गिऱ्हाईक म्हणजे आपण.

अशा खेळासाठी मुद्दाम लहान, फारशी उलाढाल नसलेली कंपनी निवडतात. तिचे थोडे शेअर घेतले तरी भाव चढतो. आधी आपसांतच खरेदी-विक्री करून भाव आणि उलाढाल वाढवतात, मग 'बघा, कसा पळतोय' म्हणून गवगवा करतात. भाव रोज वरच्या मर्यादेला, म्हणजे 'अपर सर्किट'ला टेकतो. पण उलटे चक्र सुरू झाले की तोच शेअर 'लोअर सर्किट'ला जातो. तेव्हा विकणाऱ्यांची रांग लागते आणि घेणारा कुणीच नसतो. 'पडू लागला की लगेच विकीन' हा हिशेब तिथे कोलमडतो.

आता थोडे गणित. 'महिन्यात पैसे दुप्पट' हे वाक्य खरे मानून १०,००० रुपये दर महिन्याला दुप्पट करत जा. बारा महिन्यांनी ४ कोटी ९ लाख ६० हजार रुपये होतात! असा मार्ग ज्याला सापडला, तो तुमच्या हजार-दोन हजारांसाठी व्हिडिओ करत बसेल का? दुसरे गणित याहून कडू आहे. १०,००० चे निम्मे गेले की ५० टक्के तोटा झाला. पण ते भरून काढायला उरलेल्या ५,००० वर १०० टक्के नफा लागतो. पडणे सोपे, उठणे अवघड.

इंदूरकरांना हे नवे नसावे. फोन करून टिप विकणाऱ्या आपल्या शहरातल्या अनेक सल्लागार कंपन्यांवर सेबीने कारवाई केली आहे. आज फोनची जागा मोबाईलवरच्या गटाने घेतली, एवढेच. आपल्या मराठी समाजाला इथे आणखी एक धोका आहे. होळकरांच्या काळापासून आपण या गावात आहोत, सगळे एकमेकांना ओळखतो. त्यामुळे 'अमक्या काकांनी पाठवले आहे' म्हटले की शंका घ्यायला जीभ रेटत नाही. काका प्रामाणिकच असतात. पण त्यांनाही ते दुसऱ्या कुणीतरी पाठवलेले असते. आपसांतला विश्वास ही आपली पिढ्यांची पुंजी आहे. ती एका खोट्या बातमीपायी पणाला लावू नये.

शेअर बाजार वाईट, असे मात्र मुळीच म्हणायचे नाही. शेअर म्हणजे एका व्यवसायातली भागीदारी. कंपनी काय बनवते, नफा कशातून होतो, कर्ज किती आहे, हे पाहून, काही वर्षे थांबण्याच्या तयारीने केलेली गुंतवणूक वेगळी आणि ऐकीव बातमीवर लावलेला डाव वेगळा. दुसऱ्याला सट्टाच म्हणावे.

म्हणून काही सूचना कराव्याशा वाटतात. मुलांनो, आईबाबांच्या मोबाईलवरून 'गंमत म्हणून' असले व्यवहार करू नका. पालकांनो, सल्ला देणारा सेबीकडे नोंदलेला आहे का, हे सेबीच्या संकेतस्थळावर पाहता येते. तेवढे जरूर पाहा. जो हमखास नफ्याची खात्री देतो, त्याच्यापासून दूरच राहा. फसवणूक झालीच तर लाजेने गप्प न बसता १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करा. विश्वस्तांना विनंती, की नववीपासून महिन्यातला एक तास एखाद्या कंपनीचा वार्षिक अहवाल वाचण्यासाठी द्यावा. पालकांच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या गटांवर शेअरच्या टिपा टाकू नयेत, असा नियमही करावा.

शाळेने मुलांना उत्तरांपेक्षा प्रश्न विचारायला शिकवावे, असे आपण नेहमी म्हणतो. पैशाच्या बाबतीत दोन प्रश्न पुरेसे आहेत: 'हे तुला कुणी सांगितले?' आणि 'मी घेतले तर विकणारा कोण?' घरातल्या कष्टाच्या पैशाला हात लावण्यापूर्वी एवढे विचारण्याची सवय मुलांना लागली, तर त्यांचे पुढचे मोठे नुकसान टळेल.