दानपेटी आणि अंदाजपत्रक

"आमच्या पश्चात याचे कोण करील?" हा प्रश्न ज्या घरात विचारला जातो, त्या घरात तो रोज विचारला जातो. मूल चाळिशीला आलेले असते आणि आईबाप सत्तरी ओलांडून गेलेले असतात. मुलाला दाढी करून द्यावी लागते, ताटातले भरवावे लागते, रस्ता ओलांडताना हात धरावा लागतो. आणि ज्या हाताने तो धरायचा, तोच आता थरथरू लागलेला असतो. आपल्या प्रत्येक धर्मग्रामात अशी घरे आहेत. रविवारच्या मिस्सेला मागच्या बाकावर बसणारी आणि मिस्सा संपण्यापूर्वीच उठून जाणारी माणसे बहुधा अशाच घरांतली असतात.

त्यांच्या प्रश्नाला आपला समाज वर्षानुवर्षे एकच उत्तर देत आला आहे: "देव आहे, आणि सिस्टर आहेत." देवावरील श्रद्धेविषयी मला वाद घालायचा नाही. परंतु त्या वाक्याच्या उत्तरार्धाशी माझा उघड वाद आहे. प्रौढ बौद्धिक दिव्यांगांची निवासी केंद्रे आणि त्यांच्यासाठी दिवसभर चालणारी डे केअर केंद्रे ही दानपेटीवर चालविण्याची गोष्ट नव्हे. ती शासनाच्या अंदाजपत्रकातून, हक्क म्हणून चालली पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम कायदा काय सांगतो ते पाहू. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने सहा ते अठरा वर्षे वयाच्या दिव्यांग मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. विशेष शाळा, तेथील शिक्षक, त्यांची वेतने, अनुदाने ही सारी व्यवस्था, तिच्यात कितीही उणिवा असोत, निदान उभी आहे. पण एकोणिसाव्या वाढदिवशी काय होते? शाळेची गाडी दारात येणे थांबते. ज्याच्या बुद्धीचे वय सहा-सात वर्षांचे आहे, त्याला कागदोपत्री प्रौढ ठरवून घरी पाठविले जाते. काही ठिकाणी कार्यशाळा आहेत. तेथे मेणबत्त्या, कागदी पिशव्या, फिनेल, फायली तयार होतात. पण त्यांच्या जागा मोजक्या आणि गावे अनेक. बाकीच्यांच्या वाट्याला खिडकी आणि दूरदर्शन संच येतो. शाळेत बारा वर्षे खपून शिकविलेले बटण लावणे, पैसे ओळखणे, रांगेत उभे राहणे हे सारे दोन-तीन वर्षांत विरून जाते. शासनाने शिक्षणावर केलेला खर्चही त्याबरोबर वाया जातो, याचा हिशेब मात्र कोणी मांडीत नाही.

आपल्या आजोबांच्या काळी हा प्रश्न एवढा तीव्र नव्हता, आणि त्यामागे केवळ एकत्र कुटुंब हे कारण नव्हते. डाऊन सिंड्रोम असलेली मुले तेव्हा बहुधा बालपणीच दगावत. हृदयावरील शस्त्रक्रिया आणि प्रतिजैविके आल्यावर चित्र पालटले. अमेरिकेत १९८३ च्या सुमारास अशा व्यक्तीचे सरासरी आयुर्मान पंचवीस वर्षे मानले जाई. आज ते साठीच्या आसपास गेले आहे. आपल्याकडेही ही माणसे आता प्रौढ होतात, म्हातारी होतात, आईबापांमागे उरतात. ही वैद्यकशास्त्राची आनंदाची देणगी आहे. पण आयुष्य वाढविणाऱ्या समाजाने त्या वाढलेल्या आयुष्याची सोयही करावयास हवी होती. ती झालेली नाही.

शासन काहीच देत नाही असे मी म्हणत नाही. काय देते ते आकड्यांतच पाहावे. केंद्र शासनाच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेत अठरा ते एकोणऐंशी वर्षे वयाच्या तीव्र दिव्यांग व्यक्तीला केंद्राचा वाटा दरमहा ३०० रुपये आहे. २०१२ साली ठरलेला हा आकडा पुढे वर्षामागून वर्षे तसाच राहिला. महाराष्ट्राच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेची मदत २०२३ साली १,५०० रुपये झाली आणि २०२५ साली दिव्यांगांसाठी ती २,५०० रुपये करण्यात आली. ही वाढ स्वागतार्ह आहे. परंतु २,५०० रुपये म्हणजे दिवसाला सुमारे ८३ रुपये. ज्याला रात्रंदिवस माणूस लागतो, त्याच्यासाठी ८३ रुपयांत कोणता मदतनीस येईल? आणि ही मदतही दिव्यांगाच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत असेल तरच. रिक्षा चालविणारा बापसुद्धा त्या मर्यादेबाहेर पडतो.

कायद्याच्या चोविसाव्या कलमात आणखी एक गोष्ट नमूद आहे. सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना मिळणारी रक्कम इतरांना मिळणाऱ्या तशाच रकमेपेक्षा निदान पंचवीस टक्के अधिक असली पाहिजे. हा कायदा एप्रिल २०१७ मध्ये अमलात आला. तरीही २०२५ च्या वाढीपर्यंत महाराष्ट्राच्या एकाच योजनेत विधवा भगिनीला आणि दिव्यांगाला सारखीच रक्कम मिळत राहिली. त्याच कलमात अधिक आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे, आणि पाचव्या कलमात समाजात राहण्याचा व त्यासाठी लागणाऱ्या निवासी सेवांचा. कायद्याची अक्षरे सुंदर आहेत. त्यांच्यामागे पैसा नाही.

१९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाची गोष्टही अशीच. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगत्व असलेल्यांसाठी हा न्यास स्थापन झाला, तेव्हा केंद्राने त्याला एकदाच १०० कोटी रुपयांचा निधी द्यावा आणि त्याच्या व्याजावर न्यासाने चालावे, अशी योजना होती. २०११ च्या जनगणनेत केवळ बौद्धिक दिव्यांगांचीच संख्या १५ लाख नोंदली गेली. १०० कोटींना १५ लाखांनी भागिले तर माणशी ६६७ रुपये येतात. तेही दरमहा नव्हे, वर्षालाही नव्हे, एकदाच. पुढे योजनांसाठी काही अनुदाने मिळाली हे खरे. प्रौढांच्या निवासासाठी 'घरौंदा' आणि दिवसभराच्या केंद्रांसाठी 'विकास' अशी गोड नावेही त्या योजनांना ठेवण्यात आली. पण तुमच्या तालुक्यात असे घर कोठे आहे, असे विचारले तर किती वाचक बोट दाखवू शकतील?

आता आक्षेपांकडे वळू.

पहिला आक्षेप असा, की मुलाचा सांभाळ हे कुटुंबाचे कर्तव्य आहे. ते शासनावर ढकलणे ख्रिस्ती कुटुंबाला शोभत नाही. येथे 'कुटुंब' म्हणजे नेमके कोण? बहुतेक घरांत ती आई असते आणि आईनंतर अविवाहित राहिलेली बहीण. एका बाईचे संपूर्ण आयुष्य गिळून टाकणाऱ्या व्यवस्थेला कुटुंबाचे कर्तव्य हे भारदस्त नाव देऊन आपण मोकळे होतो. शिवाय कुटुंब आणि शासन यांना एकमेकांचे वैरी मानण्याचे कारणच नाही. बेल्जियममधील गेल या गावाचा इतिहास पाहा. मनोरुग्णांची आश्रयदाती संत डिम्फ्ना हिच्या तेथील देवळात मध्ययुगापासून रुग्ण यात्रेकरू येत. देवळाजवळची जागा अपुरी पडू लागली तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना आपापल्या घरी ठेवून घेतले, आणि ती तेथील रीतच झाली. १९३८ च्या सुमारास साडेतीन हजारांवर रुग्ण तेथल्या कुटुंबांत राहत होते. ही भक्तीची आणि शेजारधर्माची गोष्ट म्हणून आपण ऐकतो. पण तिचा दुसरा भाग सहसा सांगितला जात नाही. १८५० मध्ये बेल्जियमच्या शासनाने ही व्यवस्था आपल्या हाती घेतली, डॉक्टर नेमले, देखरेख ठेविली. आणि आजही रुग्णाला घरात ठेवणाऱ्या कुटुंबाला शासकीय भत्ता मिळतो. भत्ता मिळाला म्हणून त्या गावचे प्रेम आटले नाही. तेथे कुटुंबे टिकली, कारण त्यांच्या पाठीशी कोणीतरी उभे होते.

दुसरा आक्षेप नव्हे, ती आपली सवय आहे: "सिस्टर बघतील." धर्मभगिनींनी आजवर जे केले त्याला तोड नाही. परंतु मठांत नव्या मुली किती येतात, हे डोळ्यांसमोर आहे; आज सेवा करणाऱ्या अनेक सिस्टर स्वतःच सेवेला आल्या आहेत. आणि आपण देतो ते काय? वाढदिवसाचे जेवण, नाताळचा केक, जुने कपडे, फार तर दगडावर नाव कोरून एक खोली. रात्रपाळीच्या मदतनिसाचा पगार, तिचा भविष्यनिर्वाह निधी, अपस्माराची औषधे, विजेचे बिल यांसाठी देणगीदार सापडत नाही. लहान मुलाचा फोटो पाहून हात खिशाकडे जातो. पंचेचाळीस वर्षांच्या पुरुषाचा फोटो पाहून जात नाही. परदेशी मदतीचा आधारही डळमळीत आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये तर मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या नोंदणीचे नूतनीकरण नाकारले गेले आणि जानेवारीत ते पुन्हा मिळाले. त्या काही दिवसांत जे मदर तेरेसांच्या संस्थेवर गुदरले, ते एखाद्या लहान केंद्राला पेलवले असते काय?

तिसरा आक्षेप संस्थाचालकांचा: सरकारी पैसा आला की सरकारी हस्तक्षेप आला. आपल्या शाळांनी वेतन अनुदान अनेक दशके घेतले आहे. त्याचा त्रासही आपल्याला ठाऊक आहे आणि त्यामुळे गरिबांची किती मुले शिकली हेही. आणि देखरेखीचे एवढे भय का असावे? ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण त्या आगीला बळी पडले. तेथे श्रद्धा होती, निवारा होता, तपासणी नव्हती. हे दुसऱ्या धर्माच्या आवारात घडले म्हणून आपण निश्चिंत राहण्याचे कारण नाही. बौद्धिक दिव्यांगांबरोबर एका छपराखाली राहण्याची लार्श चळवळ १९६४ मध्ये फ्रान्समध्ये सुरू करणारे झाँ वानिये यांना आपण जवळजवळ संत मानले होते. त्यांच्या मृत्यूनंतर, २०२० मध्ये, लार्शनेच करविलेल्या चौकशीतून त्यांनी अनेक स्त्रियांचे लैंगिक शोषण केल्याचे उघड झाले. त्या स्त्रिया दिव्यांग नव्हत्या. तरी धडा तोच आहे. चांगुलपणाच्या कीर्तीला तपासणीतून सूट देऊ नये. १९७० पासून बंगलोरला व पुढे इतरत्र सुरू झालेल्या त्याच चळवळीच्या 'आशा निकेतन' घरांचे मोल यामुळे कमी होत नाही. उलट ज्यांना स्वतःवरील अन्याय शब्दांत सांगता येत नाही, त्यांच्या घराला बाहेरची खिडकी असलीच पाहिजे, हे त्यावरून कळते.

चौथा आक्षेप अधिक विचारी आहे. निवासी संस्था म्हणजे कोंडवाडे. जगभर त्या बंद होत आहेत. दिव्यांगांनी समाजातच राहावे. २००७ मध्ये भारताने मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातही हेच तत्त्व आहे आणि ते मला मान्य आहे. म्हणूनच मागणी शंभर खाटांच्या इमारतींची नाही. सहा-आठ जणांची घरे हवीत, ती ओळखीच्या परिसरात हवीत, आणि त्याहून आधी तालुक्या-तालुक्यात दिवसाची केंद्रे हवीत. दिवसाचे आठ तास मूल केंद्रात सुखाने राहिले तर आई आणखी दहा वर्षे त्याला घरी सांभाळू शकते. केरळात हे घडले आहे. तेथे स्थानिक स्वराज्य संस्था कुटुंबश्रीच्या साहाय्याने 'बड्स' केंद्रे चालवितात. पहिले २००४ मध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील वेंगानूर येथे सुरू झाले. अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठी त्यांची वेगळी पुनर्वसन केंद्रे आहेत. केरळच्या पंचायतीला जे जमते, ते महाराष्ट्राच्या पंचायतीला न जमण्याचे कारण काय? "समाजातच राहू द्या" म्हणायचे आणि त्यासाठी पैसा द्यायचा नाही, याचा अर्थ आईच्याच दारात सोडून द्यायचे, एवढाच होतो.

राहिला शेवटचा आक्षेप: शासनाकडे पैसा नाही. जुलै २०२४ पासून महाराष्ट्राने कोट्यवधी भगिनींच्या खात्यात दरमहा १,५०० रुपये जमा केले. त्या भगिनींना मिळालेल्या एका रुपयाविषयीही मला असूया नाही. पण मनात आणले तर शासनाला पैसा उभा करता येतो, हे त्यातून सिद्ध झाले. दिव्यांगांची मते थोडी, त्यांच्या आयांना मोर्चाला यायला सवड नाही. म्हणून त्यांच्यासाठी तिजोरी रिकामी असते.

पोप अकरावे पायस यांनी १९३१ च्या परिपत्रकात पूरकतेचे तत्त्व मांडले. जे लहान समूहाला जमते ते मोठ्याने बळकावू नये, असा त्याचा अर्थ आपण सांगतो. पण त्या लॅटिन शब्दाच्या मुळाशी साहाय्य हाच अर्थ आहे. लहानाला जेथे पेलवत नाही, तेथे मोठ्याने हात द्यावा, हा त्याचा दुसरा अर्धा भाग आपण विसरतो.

मग मागावे काय? व्यक्तीच्या गरजेनुसार ठरलेली आणि वेळेवर मिळणारी दरमहा रक्कम, जी ती ज्या केंद्रात जाईल तेथे तिच्यामागून जाईल. प्रत्येक तालुक्यात प्रौढांसाठी एक डे केअर केंद्र आणि तेथे जाण्यायेण्यास वाहन. आई आजारी पडली तर महिनाभर मुलाला ठेवता येईल अशी जागा. कायद्यातला काळजीवाहक भत्ता. आणि प्रत्येक घराची, आपल्या घरांचीसुद्धा, न कळविता तपासणी.

हे मागण्यासाठी मुंबईला मंत्रालयातच जावे लागते असे नाही. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावयाचे असतात. तुमच्या ग्रामपंचायतीने, नगरपालिकेने गेल्या वर्षी ते कशावर खर्चिले, हा प्रश्न ग्रामसभेत किंवा आपल्या नगरसेवकाला विचारा, आणि लेखी उत्तर मागा. ज्या घरात अठरा वर्षांवरील असे मूल आहे, तेथील आईवडिलांना जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करण्यास मदत करा. पुष्कळांना हे ठाऊकही नसते. धर्मग्राम परिषदेने एवढी दोन कामे अंगावर घेतली, तर ती वर्षभरातल्या अनेक भोजनदानांहून अधिक मोलाची ठरतील.

दानपेटी बंद करा असे मी म्हणत नाही. पेटीत पडलेल्या पैशांतून सहल निघावी, सणाला नवे कपडे यावेत, वाद्ये यावीत. पण सकाळचे दूध, रात्रीचा मदतनीस आणि फिट आल्यावर द्यायची गोळी या गोष्टी कोणाच्या दयेवर अवलंबून असता कामा नयेत. मागच्या बाकावर बसलेल्या त्या आईला आपल्या सहानुभूतीची कधीच वाण पडली नाही. पुढच्या ग्रामसभेत तिच्यासाठी हात वर करून उठणारी चार माणसे मात्र तिला अजून हवी आहेत.