झटका एकाला, तपासणी घराची

चाळिशीच्या आत कुणाला हृदयविकाराचा झटका आला की गावात दोनच कारणं निघतात: टेन्शन आणि बाहेरचं खाणं. कऱ्हाडला प्रॅक्टिस करताना मी आणखी एक गोष्ट विचारते. वडील कितव्या वर्षी गेले? काका, आत्या?

अडतिसाव्या वर्षी स्टेंट बसलेला एक एसटी चालक म्हणाला, "मॅडम, आमच्यात पन्नाशी कुणी बघतच नाही." त्याच्या बुबुळांभोवती पांढरट कडं होतं, टाचेमागची शीर जाडसर लागत होती आणि एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, होतं २४०. मी त्याच्या धाकट्या बहिणीला बोलावून घेतलं. अंगानं सडसडीत, दिवसभर उसात राबणारी. तिचं एलडीएल २१० निघालं. तिला कुठलं पथ्य सांगायचं?

रक्तातलं एलडीएल उचलून घेणारे रिसेप्टर यकृताच्या पेशींवर असतात. त्यांच्या शोधासाठी ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल मिळालं. या रिसेप्टरच्या जनुकात दोष असला की कोलेस्टेरॉल जन्मापासूनच साचू लागतं. साधारण अडीचशे माणसांत एकाला असा आनुवंशिक दोष असतो. आई किंवा वडिलांना तो असेल, तर प्रत्येक अपत्याला, मुलगा असो की मुलगी, तो मिळण्याची शक्यता ५० टक्के.

नेदरलँड्सनं १९९४ पासून अशा रुग्णांच्या नातलगांना शोधून तपासलं. आपल्याकडे डिस्चार्ज कार्डावर गोळ्या आणि पथ्य लिहून रुग्णाला घरी पाठवतात. तरुण वयात झटका आला असेल किंवा एलडीएल १९०च्या वर असेल, तर त्याच कार्डावर 'भावंडं आणि मुलांची लिपिड प्रोफाइल करा' ही ओळ सक्तीची हवी. सुरुवातीला महागडी जनुकचाचणी लागत नाही, रक्ताची साधी तपासणी पुरते.

खरा अडसर वेगळाच आहे. "मुलीचं लग्न ठरायचंय, हे कुठं बोलू नका," असं आया मला सांगतात. त्यांची भीती मला कळते. पण पंचविशीत कळलेला हा दोष स्टॅटिनच्या रोजच्या गोळीनं बहुतेकांमध्ये आटोक्यात ठेवता येतो. लपवलेला दोष तरण्याताठ्या माणसाचा जीव घेतो. म्हणून आयांनो, स्थळं बघण्याआधी मुलीचं रक्त तपासून घ्या. मुलाचंही.