घरात तागे, अंगावर ठिगळ

नाशिकच्या मेन रोडवर तीन पिढ्यांपासून कापडाचा व्यापार करणारे एक घर आहे. दुकानात सुटिंगचे, शर्टिंगचे आणि गणवेशाच्या कापडाचे तागे छताला भिडलेले. आणि त्याच घरातील पंधरा वर्षांच्या मुलाच्या अंगावर मात्र गुडघ्यावर विरलेली, आसनाशी उसवलेली पॅन्ट. मुलगा स्वमग्न आहे. तो दिवसाचे कित्येक तास गुडघ्यांवर बसून पुढेमागे झुलतो आणि तळहाताने मांडी एकसारखी घासत राहतो. त्याच्या मनाला त्यातून स्वस्थता मिळते. कापडाला मात्र ती मिळत नाही. नवी पॅन्ट महिना-सव्वा महिन्यात जाळीदार होते.

प्रश्न केवळ खर्चाचा असता, तर व्यापारी घराने तो सहज सोसला असता. एका नात्यातील लग्नात मुलाला कडक इस्त्रीची नवी पॅन्ट घातली गेली. ती त्याला सोसवेना. मांडवातच त्याने ती ओरबाडून काढण्याचा प्रयत्न केला, आणि आईला त्याला घेऊन पंगतीआधीच परतावे लागले. त्यानंतर आजी हळूच म्हणू लागल्या, “त्याला घरीच राहू दे. कापडवाल्यांचा नातू फाटक्या कपड्यात दिसला, तर लोक काय म्हणतील?” आजींच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता, भीती होती. पण त्याचा परिणाम असा झाला की लग्न, वाढदिवस, व्याख्यान, एकेक ठिकाण मुलाच्या आयुष्यातून वजा होत गेले. पॅन्टचे भोक लहान होते. त्यातून निसटून जात होते ते त्याचे चारचौघांत असणे.

स्वमग्नतेचे सविस्तर वर्णन १९४३ साली अमेरिकेतील डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांच्या निरीक्षणावरून केले. नित्याच्या गोष्टीत जराही बदल न खपणे, हे लक्षण त्यांनी तेव्हाच ठळकपणे नोंदवले होते. स्पर्श, आवाज, प्रकाश या संवेदना काहींना अति तीव्र, तर काहींना अति मंद जाणवतात, ही बाब अमेरिकी निदानपुस्तिकेच्या २०१३ च्या आवृत्तीत निकषांमध्ये समाविष्ट झाली. पशुविज्ञानाच्या प्राध्यापिका टेम्पल ग्रँडिन या स्वतः स्वमग्न आहेत. बालपणी खरखरीत झगे अंगाला किती असह्य होत, हे त्यांनी आपल्या लेखनात सविस्तर सांगितले आहे. तेव्हा मानेशी टोचणारे लेबल किंवा मांडीला घासणारी जाड शिवण, ही अशा मुलाची ‘नाटके’ नसतात. त्याच्यासाठी ती खरोखरीची वेदना असते.

येथेच पेच निर्माण होतो. जे कापड टिकते ते बहुधा ताठ असते, आणि जे मऊ असते ते लवकर विरते. बाजारातील मऊ जीन्स अनेकदा कारखान्यात दगडांनी किंवा विकरांनी धुऊन मऊ केलेली असते. म्हणजे तिच्या आयुष्याचा काही भाग विक्रीपूर्वीच खर्ची पडलेला असतो. होजियरीची ट्रॅक पॅन्ट अंगाला सुखाची, पण गुडघ्यावर एक टाका तुटला की फट वाढत जाते.

या घरातील आईने प्रथम एक साधे काम केले. फाटलेल्या सात पॅन्टी तिने टाकून न देता पलंगावर ओळीने मांडल्या. सर्व पॅन्टी तीनच जागी गेल्या होत्या: दोन्ही गुडघे, उजवी मांडी आणि आसनाचा सांधा. गुडघा व मांडी घर्षणाने विरल्या होत्या. आसनाचे कापड मात्र शाबूत होते, तेथे ताणामुळे टीप तुटली होती. दोन निराळे दोष, म्हणून दोन निराळे उपाय. घर्षणाला उत्तर कापडाने द्यायचे आणि ताणाला शिलाईने. हिशेबाच्या वहीत तूट नेमकी कोणत्या खात्यात आहे ते कळले, की अर्धे काम होते.

कापडाच्या बाबतीत सासरे मदतीला आले. चाळीस वर्षे ज्यांनी कापड चिमटीत धरून त्याचा दर्जा सांगितला, त्यांनी नातवासाठी पहिल्यांदाच तागे उलगडले. साध्या विणीपेक्षा तिरप्या रेघांची ट्विल वीण अशा कामाला बरी, कारण तिच्यात धागे अधिक दाट बसवता येतात आणि तरी कापड लवचिक राहते. ड्रिल आणि डेनिम ही त्याच विणीची भावंडे. वजनही पाहावे लागते. शर्टाचे कापड चौरस मीटरला साधारण सव्वाशे ग्रॅम, तर बारा औंसी डेनिम सुमारे चारशे ग्रॅम भरते. मुलाला चारशे ग्रॅमचे ओझे सोसणारे नव्हते. म्हणून सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामगारांच्या गणवेशाला वापरतात त्या जातीचे, अडीचशे ग्रॅमच्या आसपासचे ड्रिल निवडले गेले. त्यात सुताबरोबर थोडे पॉलिएस्टर होते. निव्वळ सुतापेक्षा ते घासण्याला अधिक टिकते, हे गणवेश विकणाऱ्यास सांगावे लागत नाही.

शिलाईसाठी देवळाली कॅम्पचा एक टेलर मास्तर गाठला. देवळाली हे तोफखान्याचे ठाणे. लष्करी गणवेश शिवणाऱ्या हाताला मजबुतीचे महत्त्व निराळे पटवावे लागत नाही. मास्तरांनी जुनी पॅन्ट उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, “भाभी, फाटल्यावर ठिगळ लावू नका, फाटण्याआधी लावा.” त्यांनी गुडघ्यावर बाहेरून त्याच ड्रिलचा दुसरा थर दिला, कोपरे गोल ठेवले, कारण चौकोनी ठिगळाचे कोपरे आधी उचकटतात. आतून अंगाला लागेल तेथे जुन्या धुतलेल्या मलमलीचे अस्तर लावले. आसनात चार शिवणी एकाच बिंदूवर येऊन मिळतात आणि सारा ताण तेथे साठतो. म्हणून तेथे शंकरपाळ्याच्या आकाराचा तुकडा घालून ताण पसरवला. टिपा दुहेरी घातल्या, लेबल लावलेच नाही, कमरेला बटणाऐवजी रुंद इलास्टिक दिले. मुलगा वाढीच्या वयाचा, म्हणून तळाशी तीन इंच कापड दुमडून ठेवले. कापणीपूर्वी ड्रिल आणि अस्तर दोन्ही भिजवून वाळवायला मास्तरांनी बजावले. अन्यथा एक आकसते, दुसरे नाही, आणि गुडघ्यावर चुण्या पडून नवीनच टोचणी सुरू होते.

मजबूत पॅन्टचा इतिहासही एका घरच्या तक्रारीतूनच सुरू झाला. अमेरिकेतील नेवाडा राज्यातील रीनो गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. १८७०-७१ च्या सुमारास एका लाकूडतोड्याच्या पत्नीने त्याच्याकडे नवऱ्यासाठी न फाटणारी पॅन्ट मागितली. डेव्हिसने खिशाच्या कोपऱ्यांना तांब्याचे रिव्हेट ठोकले. पेटंटसाठी भांडवल नव्हते, म्हणून त्याने आपल्या कापडाच्या घाऊक व्यापाऱ्याला, सॅन फ्रान्सिस्कोच्या लिव्हाय स्ट्रॉसला, भागीदारीसाठी पत्र लिहिले. २० मे १८७३ रोजी पेटंट मिळाले आणि आज जगभर विकली जाणारी जीन्स जन्मली. गृहिणीची गरज, शिंप्याची युक्ती आणि कापड व्यापाऱ्याचे पाठबळ असा तो त्रिवेणी संगम होता. नाशिकच्या या घरात तेच तिघे पुन्हा एकत्र आले, इतकेच. रिव्हेट मात्र येथे वर्ज्य; थंड धातूचा स्पर्श मुलाला सोसत नाही. गुडघ्यावर चामड्याचे ठिगळ लावण्याची पाश्चात्त्य रीतही जैन घरात अप्रस्तुत; दुहेरी ड्रिल ते काम निर्वेधपणे करते.

पॅन्ट तयार झाली, तरी ती मुलाने स्वीकारणे बाकी होते. आईने घाई केली नाही. नवी पॅन्ट तिने आठ-दहा वेळा धुतली, तीही त्याच्या जुन्या कपड्यांसोबत, म्हणजे वास ओळखीचा व्हावा. मग ती चार दिवस त्याच्या उशाशी ठेवली. पाचव्या दिवशी त्याने ती दहा मिनिटे घातली आणि काढली. आठवड्याने तासभर. तीन आठवड्यांनी जुनी पॅन्ट धुण्यात आहे हे पाहून त्याने नवी स्वतःहून उचलली. त्या दिवशी आईने दुकानात फोन केला आणि एकच वाक्य म्हटले, “बाबूजी, त्याच ताग्याच्या आणखी पाच.” रंग बदलला, पोत बदलला, तर सारी तपश्चर्या पुन्हा पहिल्यापासून, म्हणून एकाच ताग्यातून सर्व पॅन्टी कापणे हेच शहाणपणाचे होते.

हिशेब मांडला तर तोही बोलका आहे. तयार पॅन्ट ६०० रुपयांची आणि ४० दिवस टिकणारी, म्हणजे दिवसाला १५ रुपये. शिवलेली १,४०० रुपयांची. वापराचे २८० दिवस भरले, म्हणजे दिवसाला ५ रुपये. स्वस्त म्हणून घेतलेली वस्तू तिप्पट महाग पडत होती. याच संदर्भात आणखी एक खाते पालकांनी तपासावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश आहे. प्रमाणपत्र हाती असल्यास आयकर अधिनियम १९६१ च्या कलम ८०डीडीने, जुनी करपद्धती निवडणाऱ्यांना, अवलंबित दिव्यांगासाठी ७५,००० रुपयांची आणि तीव्र दिव्यांगत्वात १,२५,००० रुपयांची वजावट दिली. अनेक सधन घरे केवळ ‘नाव लागेल’ या संकोचाने प्रमाणपत्रच काढत नाहीत. ज्या शहरात एका दिव्यांग मुलाच्या आईने, रजनीताई लिमये यांनी, १९७७ साली प्रबोधिनी विद्यामंदिर उभे केले, त्या नाशकात तरी हा संकोच शोभत नाही.

मुलगा आजही झुलतो, मांडी घासतो. ते थांबवण्याचा प्रयत्न घरात आता कोणी करत नाही. गेल्या पर्युषणात आजी व्याख्यानाला निघाल्या, तेव्हा तो दाराशी चप्पल घालून उभा होता. आजी क्षणभर थबकल्या, मग त्यांनी त्याचा हात धरला. तो मागच्या रांगेत, भिंतीजवळ, गुडघ्यांवर बसला. अर्ध्या तासाने उठला, तेव्हा आजीही उठल्या.

दुकानात वरच्या फळीवर त्या ड्रिलचा उरलेला तागा आजही आहे. एका गिऱ्हाइकाने तो मागितला, तेव्हा बाबूजींनी नकार दिला आणि त्यावर चिठ्ठी लावली: ‘विक्रीसाठी नाही. घरचा.’