कार्यक्रम उद्याही पाहता येतो

गेल्या पावसाळ्यात एका पंच्याहत्तरीच्या आजींचा रक्तदाब आटोक्यात येईना. चौकशीअंती कळले, की रात्रीचा कार्यक्रम संपेपर्यंत त्या टीव्हीसमोरून उठत नसत. गोळी राहून जाई, झोपही उडे. मुलाने मासिक वर्गणीची डिश नुकतीच बंद केली होती. मी औषध बदलले नाही. नवा सेट टॉप बॉक्स रेकॉर्डिंगची सोय असलेला घ्या, एवढेच सुचवले.

प्रसार भारतीची ‘डीडी फ्री डिश’ २००४ पासून उपलब्ध आहे. छत्री व बॉक्स एकदा विकत घेतले, की मासिक शुल्क नाही. पेन ड्राइव्हवर रेकॉर्डिंग होते का, त्याची वेळ आधी लावून ठेवता येते का, हे दुकानातच करून पाहावे. रिमोटवरील अक्षरे आजी-आजोबांनी स्वतः वाचून पाहावीत.

आपल्या गुहागरात ही छत्री आग्नेयेकडे रोखावी लागते. त्या बाजूस माडाची झावळी आड येऊ नये. मुसळधार पावसात चित्र गेले, तर ओल्या कौलांवर कोणीही चढू नये. पाऊस ओसरला, की ते बहुधा आपोआप परत येते.

आजी आता वेळेवर गोळी घेऊन निजतात आणि कालचा कार्यक्रम आज दुपारी पाहतात.