रंगीत गोळी आणि चंचल मूल

एडीएचडी असलेल्या, म्हणजे अवधान टिकत नाही व एका जागी बसवत नाही अशा मुलाच्या आईला समाज दोष देतो. त्याच्या हातातील रंगीत गोळीच्या उत्पादकाला मात्र कोणी जाब विचारीत नाही. इंग्लंडमधील साउथॅम्प्टन विद्यापीठाने सुमारे तीनशे सर्वसाधारण मुलांवर केलेले प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाले. कृत्रिम रंग व सोडियम बेंझोएट असलेल्या पेयांनी चंचलता वाढल्याचे त्यांत आढळले. परिणाम सर्वांत सारखा नव्हता. रंग हेच या विकाराचे मूळ, असेही त्यातून सिद्ध होत नाही. तरीही युरोपीय संघाने २०१० पासून सहा रंगांबाबत वेष्टनावर इशारा छापणे सक्तीचे केले. त्यांपैकी टार्ट्राझीन, सनसेट यलो, कार्मोइसिन व पाँसो ४ आर हे चार रंग भारतात संमत आहेत; तसा इशारा मात्र येथे सक्तीचा नाही.

भाकरी, उसळ, अंडे, फळ यांनी हा विकार बरा होत नाही, उपचारही टळत नाहीत. परंतु सकस अन्न हा या मुलांचाही हक्क आहे. शाळेच्या दाराशी फळापेक्षा गोळी स्वस्त मिळते, तेथे कष्टकरी आईला उपदेश करून काय साधणार? शासनाने प्रथम वेष्टनावरील इशारा सक्तीचा करावा आणि शालेय पोषण आहार खऱ्या अर्थाने पोषक करावा. कार्यकर्त्यांनी ही मागणी गावोगावी लावून धरली पाहिजे.