चौकोनाची शंकरपाळी

दिवाळीच्या सुट्टीत मुलांच्या हाती काय द्यावे, असे वाचक भगिनी मला दरवर्षी विचारतात. माझे उत्तर ठरलेले आहे. मोडले तरी चालेल, असे काहीतरी द्या. महागडे खेळणे 'मोडेल हो!' म्हणून कपाटात जाते, आणि कपाटातल्या खेळण्याने कोणी शहाणे झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

यंदा सायकलवाल्याकडून व्हॉल्व्हची हातभर रबरी नळी आणा. तिचे दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे करा. लाकडी आगकाड्यांचे गुल मात्र मोठ्यांनीच खरवडून टाकावे. नळीच्या दोन्ही तोंडांत एकेक काडी खोचली की झाली बिजागरी! तीन काड्यांचा त्रिकोण व चार काड्यांचा चौकोन मुलांना करू द्या, आणि कडेने दाबून पाहू द्या. चौकोनाची लगेच शंकरपाळी होते. त्रिकोण काही केल्या आकार सोडीत नाही.

अरविंद गुप्ता यांनी १९७८ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काम करताना ही युक्ती काढली, ती खेड्यातील मुलांसाठी. नळी बाजारात मिळत होती, काड्या घरोघरी होत्या.

'असे का?' हे मात्र चटकन सांगून टाकू नका. डगमगत्या बाकाला सुतार तिरपी पट्टी का ठोकतो, छपराच्या कैचीत त्रिकोणच का दिसतात, एवढे नुसते दाखवा. मुले आपली मोडतील, जोडतील, भांडतील. उत्तर त्यांच्या तोंडून येईपर्यंत आपण चकल्यांकडे लक्ष द्यावे, हे बरे!