चेंजओव्हरच्या डब्यातलं दव
3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं आणि श्रीवर्धनकडच्या कित्येक वाड्या दिवसचे दिवस अंधारात राहिल्या. अशा वेळी कुणाकडून तरी छोटा पेट्रोल जनरेटर दारात येतो आणि त्याची वायर थेट घरातल्या प्लगात खुपसायचा मोह होतो. मेन स्विच चालूच राहिला, तर ती 230 व्होल्टची वीज उलटी डीपीत, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरते, तिथून हजारो व्होल्ट होऊन तारांवर जाते. आणि लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव घेऊ शकते. चेंजओव्हर स्विच हे होऊच देत नाही. खटका एकतर महावितरणकडे, नाहीतर जनरेटरकडे, मधे शून्य. घरगुती सिंगल फेजला तो दोन पोलचा हवा, म्हणजे फेजबरोबर न्यूट्रलही तुटतो. पण कोकणात त्याला पावसापेक्षा खारी, दमट हवा जास्त छळते. स्विचचा आयपी 65 दर्जाचा डबा पाण्याचा फवारा अडवतो खरा. मात्र दिवसा तापलेली आतली हवा रात्री निवली, की पत्र्याला आतूनच दव सुटतं, त्याला तो काय करणार? तांब्यावर हिरवट थर चढतो, जोड तापू लागतो. म्हणून केबल खालूनच, ग्लँडमधून घ्यावी (वरून भोक पाडणाऱ्या वायरमनला चहा देऊन थांबवावं), दव बाहेर पडायला तळाशी ड्रेन प्लग असावा. जनरेटर मात्र कितीही पाऊस असला तरी पडवीत ओढू नये; त्याच्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.